पडायचं तर सगळ्यांनी

माणसांच्या जत्रा सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. रानातल्या जत्रेत गजरा गाढवीण आणि हुप्प्या वानर विदूषकाचं काम करायचे. त्यावरच त्यांचं पोट होतं. ठकू बदकिणीला मात्र नुसती हौस. एकदा तरी रिंगणात उतरून सगळ्यांना हसवावं, एवढंच तिच्या मनात.

हुप्प्या करवादला, "गजराक्का, या हौशी लोकांना कशाला घेतेस? कुणी हसलं नाही तर ही तळ्यावर जाऊन निवांत झोपेल. उपाशी आपण राहू."

"तू काय आईच्या पोटातून कोलांटी मारत आलास? जा गं ठकू," गजरा म्हणाली.

ठकू ऐटीत निघाली आणि चिखलात खरोखरच तोंडावर आपटली. चोचीतून रक्त आलं. ते बघून जत्रा चिडीचूप झाली. ठकूला तोंड कुठे लपवावं कळेना.

तेवढ्यात हुप्प्या धावत आला आणि तिच्याशेजारी धपकन पडला. त्याच्यावर गजरा पडली, चारी पाय वर करून. आता खरं कोण पडलं नि खोटं कोण, कुणालाच कळेना. जत्रा पोट धरून हसली.

खेळ संपल्यावर ठकू म्हणाली, "हुप्प्यादादा, माझ्यासाठी पडलात ना?"

"तुझ्यासाठी कशाला पडू? पाय घसरला," हुप्प्या गुरगुरला आणि आपल्या भाकरीतली अर्धी त्याने तिच्यापुढे सरकवली.

पुढच्या जत्रेत दोरावरून हुप्प्याचा हात खरंच सुटला. तो खाली पडून कण्हतोय तोच शेजारी धप्प आवाज झाला.

"सरक जरा, दादा," ठकू म्हणाली, "गजराक्का येतेय."