वीतभर राहिलेला चेंडू

एकदा एक वृद्ध मास्तर होते. शाळेत त्यांनी चाळीस वर्षं चित्रकला शिकवली. फळ्यावर खडूने ते एका दमात वर्तुळ काढत, आणि ते असं जुळे की सुरुवात कुठून झाली हे पहिल्या बाकावरच्यालाही सांगता येत नसे. निवृत्तीनंतर त्यांनी दोनच गोष्टी सांभाळल्या. सकाळचा चहा आणि गोल्फ.

गोल्फ म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे हिरवळ उभी राहिली असेल, तर ती कृपया पुसून टाकावी. हे मैदान गावाबाहेरच्या माळावर होतं. कागद गिरणीच्या साहेबांनी कधीकाळी तिथे नऊ होल खणले. पुढे साहेब गेले, गिरणी बंद पडली, होल राहिले. गावाला प्यायलाच पाणी पुरेना, तिथे हिरवळ कोण पोसणार? म्हणून प्रत्येक होलभोवती तेल पाजलेली काळी वाळू पसरलेली असे. तिच्यावर पावलांचे ठसे उमटत आणि चेंडू त्यांत अडखळे. त्यामुळे शेवटचा हलका टोला मारण्यापूर्वी, लांब दांड्याच्या एका सपाट फळीने चेंडूपासून होलपर्यंतची वाट गुळगुळीत करून घ्यायची, असा तिथला रिवाज होता.

दुसराही एक रिवाज होता. चेंडू होलच्या अगदी तोंडाशी येऊन थांबला, तर समोरचा खेळाडू म्हणे, "दिला." म्हणजे एवढा टोला मारायची गरज नाही, तो गेलाच असं धरू, उचला चेंडू. मास्तर यात एक पथ्य पाळत. सूट समोरच्याने द्यायची असते, आपण मागायची नसते.

मास्तरांबरोबर रोज एक शेठ खेळत. फरशीचे मोठे व्यापारी. मास्तरांचं पथ्य त्यांना तोंडपाठ होतं, फक्त मान्य नव्हतं. चेंडू दोन हातांवर का असेना, "हा तर दिलाच ना, मास्तर?" असं म्हणेपर्यंत तो त्यांच्या खिशात गेलेला असे. मग मास्तर हसून "दिला" म्हणत. उशिरा का होईना, पण म्हणत.

त्या हिवाळ्यात या दोघांत तिसरी व्यक्ती आली. गावातल्या एका घरी नुकतीच सून होऊन आलेली मुलगी. नवरा आठवड्यातले पाच दिवस शहरात नोकरीला. सासरे पूर्वी मास्तरांबरोबर खेळत, पण गुडघ्यांनी त्यांना घरी बसवलं होतं. त्यांनी आपली काठ्यांची पिशवी सुनेच्या हवाली केली आणि मास्तरांना निरोप धाडला, की मुलगी अबोल आहे, नजर चांगली आहे, शिकवा.

मुलगी खरोखरच अबोल होती. विचारण्यापेक्षा बघणं तिला बरं वाटे. नव्या घरच्या रीतीही ती बघूनच शिकत होती. लग्नानंतर आठच दिवसांत पाण्याची बादली उचलताना सासूबाईंचं मनगट दुखावलं आणि पोळ्यांचं काम तिच्याकडे आलं. ती पोळ्या लाटे, सासूबाई वाढत. आणि वाढताना प्रत्येक पोळीची चतकोर घडी घालून ती ताटात ठेवत. माहेरी पोळी पसरून वाढत. इथली रीत निराळी दिसते, एवढं तिने मनाशी धरलं आणि सोडून दिलं.

मास्तरांविषयी तिच्या मनात पहिल्या दिवसापासून अपार आदर होता. ते शिकवत कमी आणि थांबत जास्त. तिचा टोला झुडपात गेला की रागावत नसत. शांतपणे म्हणत, "आता झुडूप कुठे आहे ते कळलं." अशा माणसाची शिष्या व्हायला मिळणं हे आपलं भाग्य आहे, असं तिला वाटे. आणि आपल्याकडे एकदा आदर वाटू लागला, की तो दाखवल्यावाचून चैन पडत नाही.

ती येऊ लागल्याला आठवडा झाला असेल. मास्तरांचा चेंडू होलपासून वीतभर अंतरावर थांबला. शेठ सवयीने म्हणाले, "दिला, मास्तर. उचला." मास्तर वाकणार, इतक्यात ही मुलगी, जी दिवसभरात दहा वाक्यं बोलत नसे, हळूच म्हणाली, "मास्तरांना देणारे आपण कोण?"

आणि फळी घेऊन ती वाट साफ करू लागली.

जो माणूस क्वचित बोलतो, त्याचं वाक्य वजनाला जास्त भरतं. शेठनी जीभ चावली. आपल्या हातून केवढा उद्धटपणा होत होता, असं त्यांच्या चेहऱ्यावर उमटलं. मास्तरांनी टोला मारला, चेंडू आत गेला. त्या दिवसापासून शेठनी मास्तरांना एकही चेंडू दिला नाही. स्वतःचे मात्र पूर्वीसारखे उचलत राहिले.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. मास्तरांचा उजवा हात त्या वर्षी थरथरू लागला होता. डॉक्टरांनी त्या थरथरीचं नाव सांगितलं होतं, मास्तर ते नाव घेत नसत. लांबच्या टोल्यात ते कळत नसे. सगळं अंग फिरतं तेव्हा एकट्या हाताला कोण विचारतो? पण वीतभर अंतरावरून जो टोला मारायचा, तो केवळ हाताचा असतो. तिथे मास्तरांची काठी चेंडूमागे थरथरे, क्वचित चेंडू कडेवरून निसटे, आणि मास्तर तो निमूट उचलून पुढच्या होलकडे चालू लागत.

मुलीने हे पुढच्या आठवड्यातच टिपलं. त्यावर तिने जो उपाय काढला, तो तिच्या विनयाला शोभेल असाच होता. ती वाट अधिक साफ करू लागली. एकेक खडा वेचून काढी, फळी तीन-तीनदा फिरवी. रांगोळीसाठी अंगण सारवावं, अशी ती वाळू सारवी.

एके सकाळी चहा पिताना मास्तर सहज म्हणाले, की एका खेळात वीतभरावरून तीनदा चुकलो, की काठ्या ठेवून द्यायच्या असं आपण ठरवलं आहे. खेळाची अब्रू राखली पाहिजे. शेठनी ते हसण्यावारी नेलं. मुलीने मात्र कप खाली ठेवला. सासऱ्यांकडून तिला ठाऊक होतं, की मास्तरांच्या पत्नी गेल्या त्याच्या पंधराव्या दिवशी ते या माळावर आले होते, आणि तेव्हापासून एकही सकाळ त्यांनी चुकवली नव्हती. काठ्या कोपऱ्यात गेल्या, तर त्या माणसाच्या सकाळीच कोपऱ्यात जाणार होत्या.

माघ संपता संपता तो दिवस आला. तिसऱ्या होलवर मास्तर वीतभरावरून चुकले. सहाव्यावर पुन्हा चुकले. शेठनीसुद्धा आठव्या होलवर स्वतःचा चेंडू चक्क मारून आत घातला, यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

नवव्या, म्हणजे शेवटच्या होलवर मास्तरांचा चेंडू छान आला, उतारावरून वळला आणि होलपासून बरोबर एक वीत अलीकडे थांबला.

मुलगी फळी घेऊन धावली. आधी फळीने, मग गुडघ्यांवर बसून तळहाताने तिने ती एवढीशी वाट अशी घोटली, की काळ्या वाळूवर सकाळचं ऊन चमकू लागलं. तिला वाटलं, आता चेंडूला चुकायचं म्हटलं तरी जमणार नाही. ती उठून बाजूला झाली.

मास्तर पुढे आले. त्यांनी त्या वाटेकडे पाहिलं आणि बुटाच्या टोकाने ती आडवी मोडून टाकली.

पाय घसरला असेल, असं समजून मुलगी पुन्हा बसली. पुन्हा तिने वाट सारखी केली. मास्तरांनी ती पुन्हा मोडली, सावकाश, दोन्ही बाजूंनी.

"अहो मास्तर, काय करताय?" शेठ न राहवून म्हणाले. "पोरीने जीव ओतलाय त्यात."

"म्हणूनच मोडतोय," मास्तर म्हणाले. मग मुलीकडे वळले. "वाट तू आरशासारखी केलीस. पण अडचण वाळूत नाही, हातात आहे. हे तुला कळलं होतं ना?"

तिने होकारार्थी मान हलवली.

"मग वाळू का घासत होतीस?"

ती म्हणाली, की तुमच्या हाताविषयी बोलणं म्हणजे लहान तोंडी मोठा घास झाला असता.

"मी रोज शेठना सूट देतो. त्यांचा अपमान होतो का?"

"माझा?" शेठ म्हणाले. "छे, छे. उलट कमीच पडते."

मास्तर हसले. मग वाळूवर काठी टेकून ते बोलू लागले, त्यांच्या नेहमीच्या संथ आवाजात, जणू समोर वर्ग बसला आहे.

"तू मला देव्हाऱ्यात बसवलंस, पोरी. तिथे फुलं मिळतात, उदबत्ती मिळते. पण देव्हाऱ्यातल्याला तहान लागली तर पाणी मागायची सोय नसते. मोठ्यांनी द्यावं आणि लहानांनी घ्यावं, हे तुझ्या आईवडिलांनी शिकवलं ते बरोबरच आहे. पण मोठा माणूस एक दिवस हातापायांनी लहान होतो. तेव्हा त्याला कोणी द्यायचं? मान द्यायला फार लागत नाही, तो लांब उभं राहूनही देता येतो. सूट द्यायची तर जवळ यावं लागतं. तुमचा हात थरथरताना मी पाहिला आहे आणि तरी तुम्ही मला तेवढेच मोठे आहात, असं कबूल करावं लागतं. ते अवघड. म्हणून आपण वाळू घासत बसतो."

माळावर वारा नव्हता. मुलीच्या तळहाताला तेलकट काळी वाळू चिकटली होती, तिच्याकडे ती बघत राहिली. इतके दिवस आपण ज्याला आदर म्हणत होतो, त्याने या माणसाच्या हातातली काठी आज काढून घ्यायची वेळ आणली होती, हे तिला स्वच्छ दिसलं. शेठ उद्धटपणे का होईना, देत तरी होते. त्यांचं देणंही तिने बंद केलं होतं.

"असो," मास्तर म्हणाले. "एवढं बोललो म्हणजे मागितल्यासारखंच झालं. आता हा मला मारलाच पाहिजे."

ते मोडलेल्या वाटेशी उभे राहिले. काठी चेंडूमागे टेकली आणि तिचं टोक वाळूवर बारीक बारीक रेघा ओढू लागलं. शेठ स्वतःच्या बुटांकडे पाहू लागले.

मुलगी पुढे झाली. वाकून तिने काठीपुढचा चेंडू उचलला, ओढणीला पुसला आणि मास्तरांच्या उजव्या हातात ठेवला.

"दिला, मास्तर."

"मागून घेतलेला चालत नाही, बाळ. पथ्य आहे माझं."

"तुम्ही मागितला कुठे?" ती म्हणाली. "तुम्ही फक्त वाट मोडलीत."

आधी शेठ हसले. मग मास्तर हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. चेंडूवर त्यांची मूठ मिटली होती. मिटलेल्या मुठीत थरथर फारशी दिसत नाही, हे मुलीने तेवढ्यात टिपलं.

"मागचे दोन चुकलेले, तेही दिले म्हणा," शेठ म्हणाले. "मी तर मनात तेव्हाच दिले होते. तोंडाने म्हणायची चोरी झाली होती, एवढंच."

मुलीचा चेहरा उतरला. त्या दिवशी मी तुम्हाला बोलायला नको होतं, काका, माझी चूक झाली, असं ती म्हणाली.

शेठनी खिशातून आपला चेंडू काढून वर उडवला आणि झेलला. "चूक ना? तीही दिली."

त्या दिवशी घरी पोहोचायला तिला उशीर झाला. स्वयंपाकघरात पोळ्यांचा वास होता. वाट बघून बघून सासूबाई स्वतःच लाटायला बसल्या होत्या. मनगटाला पट्टी बांधलेली, आणि लाटण्यावरचा एक हात दुसऱ्याची समजूत घालत असल्यासारखा. डब्यात चार पोळ्या झाल्या होत्या. एकेकाळी ज्या हाताची पोळी ताटाच्या काठाशी स्पर्धा करी, त्या हाताच्या पोळ्या एका बाजूने फुगल्या होत्या आणि दुसऱ्या बाजूने माघार घेऊन बसल्या होत्या.

सुनेने हात धुतले. सासरे जेवायला येऊन बसले होते. तिने पहिली पोळी उचलली आणि ती तशीच थबकली.

तिला आठवलं. लग्नानंतरचे पहिले आठ दिवस, सासूबाई स्वतः पोळ्या करत होत्या तेव्हा, या घरात पोळी पसरूनच वाढली जात होती. घडी नंतर सुरू झाली. ती पोळ्या करू लागली त्या दिवसापासून. चतकोर घडी घातली, की पोळी गोल आहे की नाही हे जेवणाऱ्याला कळत नाही. ती रीत नव्हती. रोज, प्रत्येक पोळीमागे, कोणी एक शब्द न बोलता तिला म्हणत होतं, दिला.

डोळे भरून आले ते तव्याच्या धुराने, असं तिने स्वतःला सांगितलं. मग हातातल्या पोळीची तिने नीट चतकोर घडी घातली आणि ती सासऱ्यांच्या ताटात ठेवली.

सासूबाईंचं लाटणं क्षणभर थांबलं. त्यांनी ताटाकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं.

"तूप वाढ त्यांना," त्या म्हणाल्या आणि लाटणं तिच्या हातात देऊन बाजूला सरकल्या.

अशी घडी आपल्याही ताटात कधीतरी कोणीतरी घातलेली असते. तिचे आभार मानायला गेलं तर ती उलगडते. म्हणून ती पुढच्याच्या पोळीला घालावी.