अंगठ्याखालचा तांब्या

"...म्हणजे पाचही बाजूंनी कोंडी झालीय माझी, अण्णा! आता तुम्हीच सांगा, टिकायचं कसं?"

जयवंत करडे हे बोलला नाही, ओरडला. इलाजच नव्हता. मोरोअण्णांच्या कानांनी कधीच राम म्हटला होता. साठ वर्षं तांब्याच्या पत्र्यावर हातोडा चालवल्यावर दुसरं काय होणार? उजव्या कानाशी तोंड नेऊन गळा काढला, तर चार शब्द आत जायचे.

अण्णांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. अकरा वर्षं याच माणसाच्या पायाशी बसून जयवंत तांबटकाम शिकला होता.

"पाच कोण?" अण्णांनी विचारलं. "नावं सांग."

जयवंतने खिशातून घडी घातलेला कागद काढला. उद्योजकांच्या शिबिरात तीन दिवस बसून आला होता. तिथल्या सरांनी सगळ्यांना मध्ये एक गोल काढायला लावला होता आणि त्याच्यावर चालून येणारे बाण. आपला धंदा कोण कोण दाबतंय ते आधी ओळखा, मग डाव आखा. जयवंतने ओळखलं होतं. तेव्हापासून त्याचं जेवणात लक्ष नव्हतं.

"एक, पत्रेवाला. आपल्या तांबट आळीला पत्रा देणारा तेवढा एकच उरलाय. तो म्हणेल तो भाव."

"हं."

"दुसरं, स्टील आणि प्लॅस्टिक. लोकांना तांब्याची भांडी घासायचाच कंटाळा."

"हं..."

"तिसरा तो नवा कारखाना. मशीनवर पाण्याचे तांबे काढतो, आणि वर ठोक्यांची नक्षीसुद्धा मशीननेच उमटवतो. आपण दिवसभर बसून दोन करायचे. त्याचा चहा पिऊन होईस्तोवर शंभर."

"चौथा?"

"गिऱ्हाईक. मुंबईचं शोरूम." जयवंतने चौथ्या बाणावर बोट ठेवलं. "तीनशे तांबे हवेत त्यांना. पत्रा पातळ वापरा म्हणतात, ठोके कमी मारा म्हणतात, आणि भाव कारखान्याचा लावा. चार वाजता त्यांचा फोन येणार आहे. हो म्हटलं, तर त्याला तांबटकाम म्हणायची मला लाज वाटेल. नाही म्हटलं, तर या महिन्यात दुकानाला कुलूप. आणि मग मी त्याच कारखान्यात, त्याच मशीनपुढे उभा!"

"पाचवा राहिला."

जयवंतने दाराबाहेर नजर टाकली.

"आपलेच लोक. मी नाही म्हटलं, की तुमच्या-माझ्या दुकानांमधला तो केशव संध्याकाळच्या आत हो म्हणून मोकळा होईल. भुकेला बसलाय तो."

हे वाक्य खरं तर हळू बोलायचं होतं. पण हळू बोललं असतं, तर अण्णांना ऐकू आलं नसतं.

अण्णांनी तळहात जमिनीवर टेकवला. आळीतले ठोके त्यांना आता कानाला नाही, जमिनीतून हाताला कळायचे.

"केशवचा हातोडा थांबलाय," ते म्हणाले. "पलीकडच्या मधुकरचाही. मघाशीच थांबले."

जयवंतने कान दिला. आळी चिडीचूप होती.

"अरे देवा! म्हणजे सगळं ऐकलं त्यांनी?"

"तू ओरडत होतास."

अण्णा भिंतीला टेकले. त्यांनाही थकवा आला होता, उन्हाचा आणि वयाचा.

"केशव तुझं ऐकत थांबलाय. मधुकर केशवमुळे थांबलाय. तू तर सकाळपासून हा कागद घेऊन फिरतोयस. मग आज आळीत काम कोण करतंय?"

जयवंतला राग आला. दमलेल्या माणसाला येतो तसला, बसल्या जागी विझून जाणारा.

"अण्णा, उपदेश नको. तोडगा सांगा. तीन वाजून गेलेत."

"नमुना आणलायस?"

आणले होते. पिशवीतून त्याने दोन तांबे काढून पुढ्यात ठेवले. एक शोरूमने पाठवलेला, कारखान्यातला. दुसरा त्याचा स्वतःचा, कालच पुरा केलेला. दोन्ही सारखेच चकचकीत, दोन्हींच्या अंगावर सारखेच ठोके. नुसत्या डोळ्यांना कळलं नसतं.

अण्णांनी कारखान्यातला तांब्या उचलला. वाकडा, जाडजूड अंगठा त्याच्या पोटावर ठेवला आणि दाबला.

पोचा पडला.

कितीतरी दिवसांनी जयवंतला हसू आलं.

"बघितलंत? नुसती नक्षी! हातोड्याचा मार खाल्ल्याशिवाय तांबं घट्ट होतंय कुठलं? हेच सांगणार आहे मी शोरूमच्या मॅनेजर बाईंना. म्हणावं, आमचा दाबून बघा..."

"दे तुझा."

अण्णांनी त्याचा तांब्या मांडीवर घेतला. बोटं गळ्यावरून फिरली, पोटावर आली, एक फेरा घेऊन खाली उतरली. घाई नव्हती. बुडाच्या जरा वर एका जागी बोटं थांबली, मागे गेली, पुन्हा तिथेच आली.

अण्णांनी अंगठा ठेवला. दाबला.

पोचा पडला.

...

"इथे हात हलका झालाय," अण्णा म्हणाले. "चाळीसेक ठोके. कुठे होतास तेव्हा?"

जयवंतला लगेच आठवलं. काल दुपारी शेजारी केशवचा हातोडा सपाट्याने चालला होता. याला एवढं काम कुठून लागलं, कोणी दिलं, कितीचं दिलं, म्हणून भिंतीपलीकडे कान लावून तो बसला होता. हात आपले आपण चालले होते.

"मी केशवचा कानोसा घेत होतो," तो पुटपुटला.

अण्णांना ते ऐकू जाणं शक्य नव्हतं. तरी त्यांनी मान डोलावली. भिंतीपलीकडे कोणीतरी खोकलं.

जयवंतने पोच्यावरून बोट फिरवलं. पत्रेवाल्याने फसवलं असतं, कारखान्याने बुडवलं असतं, तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं. हा पोचा कोणाला दाखवायचा?

"मग हो म्हणून टाकतो, अण्णा," तो कानाशी जाऊन म्हणाला. आता त्याच्यात ओरडायचं बळही नव्हतं. "माझ्यात आणि त्या मशीनमध्ये फरक काय राहिला?"

अण्णा गुडघ्यावर हात देऊन उठले. कोपऱ्यातला स्वतःचा हातोडा आणला. जमिनीत रोवलेल्या लोखंडी खरवईवर, तांबटांच्या त्या दांड्यासारख्या ऐरणीवर, तांब्या तोंडाकडून सरकवून नीट बसवला आणि हातोडा जयवंतच्या हातात दिला.

जयवंत बसला. पोचा आतून वर काढला आणि ठोकायला लागला.

पहिले ठोके बद्द पडले. मग एक जरा बरा. मग पुन्हा बद्द. अण्णा समोर बसले, तळहात जमिनीला लावून. दहा झाले, वीस झाले. जयवंतचा खांदा सैल झाला. मनगट आपल्या चालीत आलं. तांब्याचा आवाज हळूहळू बदलायला लागला. एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला खेटून बसायला लागला.

आणि फोन वाजला.

पाच बाणांच्या त्या कागदावर पडला होता, तिथेच थरथरत वाजत राहिला. चार वाजले होते. भिंतीपलीकडे अजून सामसूम होती. तिकडेही सगळ्यांनी श्वास रोखला असणार. जयवंतचा हात वरच्या वर अडखळला.

"अण्णा... फोन. शोरूमचाच आहे."

अण्णांनी जमिनीवरचा तळहात उचलला नाही.

"मला नाही रे ऐकू येत," ते म्हणाले. "तुला अजून येतंय?"