वीरगळापुढचा तास

“म्हणजे चूक पोरांची?” केरबा गुरुजींनी विचारलं.

“चूक नाही, वय,” अभिराम म्हणाला. “तिसरीच्या पोरांना अस्सल साधनांवरून इतिहास शिकवता येत नाही. हरलो मी.”

तो गावच्या शाळेत नवा शिक्षक होता. इतिहासात एम. ए., विद्यापीठात पहिला. पुस्तकातली वाक्यं घोकून घेणं त्याला पाप वाटे. म्हणून तो वर्गच उठवून देवळामागच्या वीरगळाशी घेऊन गेला होता. लढाईत पडलेल्या कुणा जुन्या माणसाचा तो दगड. खालच्या कप्प्यात गाई, तलवारी नि पडलेला वीर, मधल्यात अप्सरा, वरच्यात स्वर्ग.

अभिरामने पोरांना सगळं सांगितलं. काळ, शैली, एकेका कप्प्याचा अर्थ...

शेवटी एका पोराने विचारलं, “सर, सुट्टी कवा हाय?”

“हेडमास्तर म्हणतात, बास झाली ही थेरं. सोमवारपासून पुस्तक उघडतो,” अभिराम गुरुजींना म्हणाला.

गुरुजी त्याच शाळेतून निवृत्त झालेले. अभिराम त्यांच्याकडे एरवी सल्ल्याला नव्हे, शाबासकीला येई. आज सांत्वनाला आला होता.

ते मिळालं नाही.

“उद्या शनिवार. सकाळची शाळा,” गुरुजी म्हणाले. “पुन्हा ने त्यांना. मीबी येतो.”

सकाळी पोरं वीरगळापुढे मांडी घालून बसली. अभिरामने घसा साफ केला. “मुलांनो, हा जो...”

“आ कर,” गुरुजी म्हणाले.

“काय?”

“आ.”

त्याने आ केला. गुरुजींनी खिशातल्या पुडीतून लिंबाएवढा गुळाचा खडा काढला आणि त्याच्या तोंडात कोंबला.

“चावायचा न्हाई. विरघळू दे.”

पोरं खो खो हसली. हसून दमली. पुढे कुणीच काही सांगेना, तेव्हा ती दगडाकडे बघू लागली.

...

“गाया चोरून चाललाय ह्यो.”

“हॅट! चोराचा दगड कोण उभा करंल? सोडवाय गेलाय.”

“आन वरच्या बायका? वरात हाय जणू.”

“खुळी का काय गं तू? खाली मुडदा पडलाय, आन वर वरात?”

अप्सरा! अभिराम उसळला. पण तोंडातून नुसतंच ‘उंऽऽ’ निघालं. गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“तिन्हीकडं त्योच हाय,” मुमताज हळूच म्हणाली. ती वर्गात कधी बोलत नसे. “मुंडासं बघा की. खाली मेला. मग बायकांनी उचलला. वर देवापाशी बसलाय.”

अभिराम ऐकत राहिला. जे सांगता सांगता त्याचा घसा बसला होता, ते हिने नुसत्या डोळ्यांनी दगडातून काढलं होतं. त्याला वाईट वाटायला हवं होतं. उलट डोळे भरून आले.

गूळ विरघळला. तरी तो बोलला नाही.

मुमताज उठून दगडाशी उकिडवी बसली. आडव्या पडलेल्या माणसावरून बोट फिरवत राहिली. मग वळून म्हणाली,

“सर, ह्याच्या आईला कुणी सांगितलं?”

...

अभिरामने दगड पाहिला, खालपासून वरपर्यंत. आई त्यात नव्हती. त्याने वाचलेल्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. आणि ती नाही, हे आजवर त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

“मला माहीत नाही गं,” तो म्हणाला.

पोरांपुढे हे शब्द त्याने पहिल्यांदाच उच्चारले होते. पोरं सरकत सरकत त्याच्या जवळ आली.

तो गुरुजींच्या पायांवर वाकला. “तुमचे उपकार कसे... गुरुजी, आता मी काय करू?”

“आता?” गुरुजींनी पाय मागे घेतले, उठून धोतर झटकलं.

“आता तास सुरू कर.”