चिसोमोची झोप

“पण ती माझ्याकडेच का येत नाही?”

शैलजाबाई निमकरांनी हा प्रश्न नवव्या दिवशी बहुधा नवव्यांदा विचारला.

गोगो भुईमुगाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. गोगो म्हणजे आजी. झांबियातल्या चिपाटा शहराबाहेरच्या त्या अनाथाश्रमात बेचाळीस मुलं होती आणि सगळ्यांत मिळून ही एक आजी.

शैलजाबाईंनी सांगलीकडच्या बालवाड्या तेहतीस वर्षं तपासल्या होत्या. निवृत्तीनंतर घरी कुणी तपासून घेईना, म्हणून तीन आठवडे सेवा करायला त्या इथवर आल्या. सोबत बॅगभर तक्ते. त्यातला एक चुकून मराठी बाराखडीचा निघाला, तोही त्यांनी भिंतीला लावला.

दीड वर्षाची चिसोमो महिन्यापूर्वी आश्रमात आली होती. आई गेल्यापासून ती धड जेवली नव्हती, सलग झोपली नव्हती. दिवसेंदिवस वाळत चालली होती. शैलजाबाईंनी तिला हाती घेतलं. समोर बसायचं, डोळ्यांत डोळे घालायचे, स्पष्ट उच्चारात गोड बोलायचं. सारं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे.

त्यांचा चेहरा दिसला, की चिसोमो किंचाळायची.

“गोगो, तेहतीस वर्षांत एकही मूल माझ्यापासून पळालं नाही.”

“दाराला कडी असेल.”

“मी थट्टा करत नाहीये. पोर हातची जाईल अशानं! मी काय करू, ते तरी सांगा.”

गोगोंनी शेंगा बाजूला ठेवल्या. खांद्यावरचं फुलाफुलांचं लांब कापड काढून झटकलं आणि रडणाऱ्या चिसोमोला उचलून आणलं.

“वाक, टीचर.”

शैलजाबाई वाकल्या. सत्काराचा हार घालून घ्यायला वाकतात, तेवढ्या.

“अजून.”

“माझी कंबर...”

“अजून.”

पाठ पाटासारखी आडवी झाली, तेव्हा गोगोंनी चिसोमोला त्या पाठीवर पालथं ठेवलं. वरून कापड टाकलं, बाईंच्या काखांखालून पुढे ओढलं आणि छातीवर करकचून गाठ मारली.

“ऊठ आता. मका कांड.”

“अहो, पण मला तिचं तोंड दिसत नाही! हसतेय की रडतेय, कळणार कसं?”

“तिलाही तुझं दिसत नाही,” गोगो म्हणाल्या. “तेवढाच तिला आराम.”

अंगणात भलंमोठं लाकडी उखळ होतं. शैलजाबाईंनी मुसळ उचललं. चिसोमो रडतच होती. बाई बोलायला तोंड उघडत, की गोगो मुसळाकडे बोट दाखवत. थोड्या वेळानं बाईंना दम लागला आणि बोलणं आपोआप बंद पडलं. तेहतीस वर्षांत जे कुठल्या वरिष्ठाला जमलं नव्हतं.

धप्... धप्... धप्...

पाठीवरचं रडणं हळूहळू त्या ठेक्यात आलं. मग नुसते हुंदके राहिले. मग खांद्यांच्या मधोमध एक ओला, गरम गाल टेकला.

मुसळ थांबलं.

“थांबू नकोस.”

“गप्प का झाली ती?”

“झोपली.”

शैलजाबाई कांडत राहिल्या. डोळे भरून आले, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

तरी सवय कुठे जाते?

“गोगो...” त्या कुजबुजल्या. “त्या ओट्याच्या कोपऱ्यावर माझा फोन आहे बघा. एक फोटो काढता? महिला मंडळात पाठवीन.”

गोगोंनी फोन घेतला. बाईंनी हसरा चेहरा केला. गोगो शांतपणे वळसा घालून त्यांच्या मागे गेल्या आणि तिथून फोटो काढला.

फोन समोर धरला. एक झोपलेलं पोर, ओठ किंचित उघडे. सभोवती कापडाची फुलं. बस्स.

“अहो, यात मी कुठाय?”

गोगोंनी फोन डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ न्याहाळला...

“आहेस की. तिच्या खाली.”