राहीच्या खाचरातला धोंडा

ती बॅग तेवढी धोंड्यावरून उचला. रागावलो नाही, तुम्हाला कसं कळणार? पाटी काही लावलेली नाही. पांजरगडावर जाणारे सगळेच इथं बांधावर दम खायला थांबतात आणि धोंडा दिसला की त्याला टेकतात. आमच्या आवळशेतातलं माणूस मात्र त्याला टेकत नाही. देव म्हणून नव्हे. बघा ना, शेंदूर नाही, नारळ नाही. ऐन खाचराच्या मधोमध बसलेल्या बैलाएवढा दगड, सुरुंग लावून फोडा म्हणजे दोन पायल्या भात जास्त येईल, असा सल्ला दर दोन-चार वर्षांनी कोणीतरी शहाणा देऊन जातो. आम्ही त्याला चहा पाजतो आणि दगड आहे तिथं ठेवतो.

गोष्ट ऐकायची तर आमची एक रीत आहे. सांगणाऱ्याने आपण कोणत्या घरचे ते आधी सांगायचं. मी लिंबाजीच्या घरातला. ज्याने हा धोंडा गडावरून लोटला, त्याच्या. ते समोरचं कौलारू घर राहीचं. जिची लेक या धोंड्याखाली गेली, तिचं. राहीला दुसरं मूल नव्हतं. दिराच्या मुलाने तिचं घर चालवलं, त्याचा वंश तिथं आहे. आता बसा, बांधावर बसायला हरकत नाही.

राज्य कोणाचं होतं ते विचारू नका. कोणी एक सांगतं, कोणी दुसरं. राज्यं पुष्कळ झाली, वेठ तीच होती. गडाने बोलावलं की हातातलं टाकून जायचं आणि फुकट राबायचं. त्या साली आषाढात गडाचा एक बुरूज ढासळला, असं सांगतात. त्यातच मुलखात धाड येणार अशी आवई उठलेली. गड ज्याच्या ताब्यात होता त्या हवालदाराने खाली निरोप धाडला, की गावातल्या झाडून सगळ्यांनी वर यावं आणि बुरूज पुरा झाल्याशिवाय खाली उतरू नये. आता तुम्ही शहरातले, म्हणून फोड करून सांगतो. भाताचं रोप तयार झालं की आठ-दहा दिवसांत ते खाचरात लागलं पाहिजे. ते हवालदाराला भीत नाही. वाफ्यातच पिवळं पडलं की सगळ्यांचं वर्ष गेलं.

तेव्हा गावचा पाटील होता कुशाबा. त्याने ठरवलं की भांडायचं नाही. सगळ्यांनी रोपाची एकेक मूठ हातात घेऊन वर जायचं, हवालदाराला रोप दाखवायचं आणि आठ दिवस मागायचे. लावणी उरकली की बुरूज बांधू. हवालदार तापट होता, म्हणून कुशाबाने सगळ्यांना बजावलं, की वाटेत कोणी तोंडातून शब्द काढायचा नाही. आरडाओरडा झाला तर काम बिघडेल. त्याचं बोलणं सगळ्यांना पटलं. तुम्हालाही पटलं असतं.

राहीची लेक मंजुळा लावणीसाठी माहेरी आली होती. घाटाखाली दिलेली, वर्षातून एकदाच यायची. लावणीची गाणी सांगायला तीच पुढं असायची आणि डोंगर चढायलाही. त्या सकाळी राहीने तिची वेणी घातली, डोक्यावर इरलं दिलं आणि स्वतः खाचरात चिखल करायला राहिली. इरलं तुम्ही पाहिलं नसेल. बांबूच्या कामट्यांवर पानं बसवतात आणि ते डोक्यापासून कमरेपर्यंत पाठीवर घेतात. आत माणूस कोरडं राहतं, बाहेरून मात्र माणूस दिसत नाही.

वरच्या दरवाजाशी त्या दिवशी लिंबाजी पहाऱ्यावर होता. आमचा मूळपुरुष. आदल्याच दिवशी देशावरून आलेला, बाजरीच्या मुलखातला. तिकडे पावसात घोंगडी घेतात, इरलं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. गडाच्या कड्यावर मोठाले धोंडे पाचर लावून ठेवलेले असत. पाचर काढून खांदा दिला की धोंडा सुटायचा. जुना नेम असा, की खालून कोणी आलं तर आधी तीन हाळ्या द्यायच्या. धाडीच्या भीतीने हवालदाराने नवा हुकूम काढला होता, की जमाव चढताना दिसला तर धोंडे लोटा, विचारपूस मागाहून. असा हुकूम देऊन हवालदार जेवायला बसला होता, म्हणे.

धुकं दाट होतं. त्या धुक्यातून लिंबाजीला एकामागून एक ढाली चढत येताना दिसल्या. कोणी बोलत नव्हतं, कोणी खोकत नव्हतं. एवढी माणसं आणि एवढी मुकी, त्याअर्थी चाल करूनच आलेली, असं त्याला वाटलं. गाव गाणी म्हणत डोंगर चढलं असतं तर त्याला बायाबापड्या ओळखू आल्या असत्या. आमच्या गावाला ही गोष्ट अजून सलते. त्याने हाळी दिली नाही. पाचर काढली आणि खांदा दिला.

धोंडा वाट तोडून डोंगर उतरला आणि गडगडत थेट राहीच्या खाचरात येऊन रुतला. राही बाजूला झाली म्हणून वाचली. पावसाने दरडीतला दगड सुटला असेल, असं तिला वाटलं. थोडी घाबरली, थोडी हसली आणि त्याच धोंड्याला टेकून तिने घटकाभर कंबर सरळ केली. मग पुन्हा चिखल तुडवायला लागली. माणसं मंजुळेला घेऊन खाली आली ती त्यानंतर. म्हणून आमच्यात धोंड्याला टेकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी गडावरून निरोप आला. धोंडा पावसाने सुटला, देवाची करणी, गडाला फार वाईट वाटतं. यंदाची वेठ माफ. राहीला हे खाचर कायमचं इनाम. ज्यासाठी गाव चढलं होतं ते सगळं मिळालं होतं आणि कोणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पण रोप थांबत नाही. रडत रडत गाव लावणीला लागलं. तरण्या पोरांनी कोयते पाजळून ठेवले, गडावरचा शिपाई दूध न्यायला उतरला की तोडायचा.

राहीने आपल्या खाचरात रोपाची एक काडीही लावली नाही. मंजुळेच्या हातातली रोपाची मूठ तिने पाण्यात ठेवली होती. ती घेऊन इरलं पांघरून ती या बांधावर बसली. पाटलाने समजावलं, दिराने समजावलं. तिचं एकच म्हणणं, धोंडा कोणी लोटला ते त्याने येऊन मला सांगावं. सगळा शिवार हिरवा झाला आणि मधोमध हे एक खाचर काळं राहिलं. लिंबाजीला ते वरून रोज दिसत होतं. इरलं म्हणजे काय तेही त्याला आता कळलं होतं.

सहाव्या दिवशी तो भरदुपारी उतरला. पहारा सोडून, तलवार वर ठेवून. गावाच्या वेशीत शिरला तेव्हाच पोरांनी त्याला कोयत्यांच्या घोळक्यात घेतलं. तसाच तो या चिखलात येऊन उभा राहिला.

"पावसानं न्हाई सुटला," तो म्हणाला. "म्या लोटला. हाळी द्यायची हुती, दिली न्हाई."

हुकूम कोणाचा, असं राहीने विचारलं.

"हवालदाराचा. पर खांदा माझा."

कोयते वर झाले. राहीने हात केला. तिला अजून एक विचारायचं होतं. "तू तिला बघितलीस?"

लिंबाजीने मान हलवली आणि सांगितलं. धोंडा सुटला त्याच क्षणी पुढची ढाल वर झाली आणि तिच्याखाली एक मुलगी होती. तिला दम लागला होता. तिने मनगटाने डोळ्यांवरचं पाणी पुसलं, रोपाची मूठ उंच करून दाखवली आणि वर बघितलं. ढाली नाहीत हे तेव्हा त्याला कळलं. धोंडा गेला होता.

आता हे नीट ऐका. मंजुळेच्या मागून चढणाऱ्यांनी फक्त तिची पाठ पाहिली होती. राहीने सकाळी वेणी घातली तीही पाठीमागूनच. लेकीचा चेहरा शेवटचा पाहिलेला माणूस साऱ्या जगात एकच होता आणि तो हा होता.

"पुन्यांदा सांग," राही म्हणाली.

त्याने पुन्हा सांगितलं. तिने तिसऱ्यांदा सांगायला लावलं. पाऊस पडत होता, पोरं कोयते धरून उभी होती आणि त्यांचे हात भरून आले, असं सांगतात. शेवटी कुशाबाने विचारलं, की बाई, याचं आता करायचं काय?

"ह्याला मारलात तर माझी लेक दुसऱ्यांदा जाईल," राही म्हणाली. "आन् वरचे म्हणतील, पावसानंच सुटला."

"मग सोडायचा?"

"सोडायचा बी न्हाई."

गावाने लिंबाजीला चावडीत ठेवून घेतलं आणि मुलखाच्या सुभेदाराला बोलावणं धाडलं. चार दिवसांत तो आला. लिंबाजीने त्याच्यासमोर सगळं सांगितलं, स्वतःचं कमी केलं नाही आणि हवालदाराचं वाढवलं नाही. हवालदार पावसाचंच तुणतुणं वाजवत होता. सुभेदाराने त्याला अनवाणी, डोक्यावर इरलं देऊन, त्याच वाटेने खाली उतरवलं आणि या खाचरात उभं करून हुकूम माझा असं म्हणायला लावलं. त्याचा गड गेला. लावणीच्या महिन्यातली वेठ कायमची बंद झाली. लिंबाजीची चाकरी आणि तलवार गेली. बाकी शिक्षा सुभेदाराने राहीवर सोपवली.

तिने एवढंच मागितलं. दरसाल लावणीच्या पहिल्या दिवशी याने इथं यावं, गावासमोर धोंडा सांगावा, लेक सांगावी आणि पहिली मूठ आपल्या हाताने लावावी. निवाडा झाला त्याच दिवशी मंजुळेची मूठ तिने त्याच्या हातात दिली. अर्धी पिवळी पडली होती. बाजरीवाल्याला भात लावता येईना, तेव्हा अंगठा कसा दाबायचा आणि मागं मागं कसं सरकायचं ते तिनेच दाखवलं. लावून झाल्यावर तो तिच्या पाया पडायला वाकला. तिने पाय मागं घेतले.

"माफी माझ्याजवळ न्हाई. जिच्याजवळ हुती ती गेली." मग थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुला आई हाय?"

होती. देशावर त्याची वाट बघत होती.

"आधी तिला जाऊन सांग. दुसऱ्या कुणाकडनं कळू नये तिला."

अशा माणसाला वेशीबाहेर सोडणं म्हणजे उडालेल्या पाखराला परत ये म्हणण्यासारखं, असं गाव म्हणालं. तो परत आला तर मिशी उतरवीन, असं कुशाबा चारचौघांत बोलून गेला. पुढच्या आषाढात गावाची लावणी उरकली, राहीचं खाचर पुन्हा काळंच. आठ दिवस ती वाटेकडे डोळे लावून बसली. लेकीला मारणाऱ्याची वाट इतकी कोणी पाहिली नसेल. नवव्या दिवशी लिंबाजी आला. घाटात दरड कोसळली होती, लांबचा वळसा घालून आला होता. कुशाबाने मिशी उतरवली की नाही याबद्दल गावात दोन मतं आहेत.

पुढं तो इथंच राहिला, गावाच्या कडेला त्याचा संसार झाला. राहीने त्याला उंबऱ्याच्या आत कधी घेतलं नाही. लावणीच्या दिवशी बांधावर भाकरी द्यायची, तो उभ्यानेच खायचा. दरसाल तो क्रमाने सांगायचा. धुकं, ढाली, न दिलेली हाळी, मग वर बघणारी मंजुळा आणि शेवटी धोंडा. राही डोळे मिटून ऐकायची. मंजुळेशी आली की तिचा चेहरा उजळायचा आणि लगेच धोंडा यायचा. तीसेक वर्षं तिने असं ऐकलं.

शेवटच्या वर्षी तिला चालवत नव्हतं. बाजेवर घालून तिला बांधावर आणली. लिंबाजीही म्हातारा झाला होता, चिखलात पाय लटपटत होते.

"बस खाली," राही त्याला म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "आज उलटं सांग. आधी धोंडा सांग, समदा सांग, काय गाळू नको. मग माझी लेक सांग. आन् तिथंच थांब."

तो बसला आणि त्याने तसंच सांगितलं. त्या पावसाळ्यात राही गेली.

आजही आमच्याकडे लावणीचा पहिला दिवस तसाच होतो. आमच्या घरचा एकजण चिखलात उभा राहतो, गेली एकतीस वर्षं तो मी. आधी मी धोंडा सांगतो. खांदा आमचा, हाळी दिली नाही. पाटलांच्या घरचा सांगतो, गप्प चला म्हणालो ते आम्ही. गडाच्या वाट्याचं बोलायला आता कोणी उरलं नाही, तेवढा वेळ सगळे नुसते उभे राहतात. मग राहीच्या घरची थोरली सून म्हणते, आता लेक सांग. मी सांगतो, की धुकं आहे, पुढचं इरलं वर होतंय, मुलीला दम लागलाय, ती मनगटाने पाणी पुसते, रोपाची मूठ उंच करते आणि वर बघते. तिथं मी थांबतो. बाया, गडी, पोरं, सगळं गाव हातात रोप घेऊन गडाच्या वाटेकडं बघत राहतं, आणि ती आता उतरून येईल असं वाटून कितीतरी वेळ कोणी लावणीला हात घालत नाही.