एकादशीची खिचडी आणि टोमॅटोचे सार

गुरुवार, फाल्गुन वद्य एकादशी. आभाळ भरलेले, वारा पडलेला, उकाडा फार.

साताऱ्यात स्वयंपाकी आणि खाद्यलेखकांच्या गप्पांचा आज शेवटचा दिवस. खरे मराठी जेवण कोणते, हा वाद ऐकून सगळेच कंटाळले होते. या गप्पांतून निघणाऱ्या आमच्या मराठी पाककृतींच्या पुस्तकातले पदार्थ जेवणाआधी ठरायचे होते. कराडच्या हेमलता शिंगटे यांची खानावळ टोमॅटोच्या सारावर चालते. त्यांचा तेवढा एकच पदार्थ यादीत होता.

संपादक भालचंद्र गद्रे म्हणाले, "टोमॅटो जहाजातून आलाय, बाई. बाहेरून आलेलं आपलं होत नाही. सार काढा."

इतक्यात गद्र्यांसमोर साबुदाण्याची खिचडी आली.

हेमलताबाईंनी दमलेल्या आवाजात विचारले, "साहेब, उपवास वाटतं?"

"आमच्या घरी एकादशी कधी मोडली नाही."

"मग घास घेण्याआधी एक सांगा. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, मिरची, सगळं त्या टोमॅटोसारखंच जहाजातून आलंय. इथला जुना गहू मात्र तुम्हाला आज चालत नाही."

"म्हणून काय झालं?"

"बाहेरचं आपलं होत नसेल, तर ते उपवासाचंही होत नाही, या घासानं तुमची एकादशी मोडेल. होत असेल, तर माझं सार राहील. काय ते ठरवा, खिचडी गार होतेय."

गद्र्यांनी घास घेतला.

टोमॅटोचे सार पुस्तकात घेतले गेले.