ऊन टिपणारे वस्त्र

फार पूर्वी, एका खोल दरीतल्या गावी रायाजी धोंडजी साळी, वय वर्षे एकाहत्तर, हे विणकर राहत असत. त्या दरीत ऊन दुपारीच मावळे. म्हणून रायाजींनी दोन जातींच्या धाग्यांचे एक वस्त्र विणले. एक धागा ऊन टिपी, दुसरा ते वाहून नेई. वर मेणाचा लेप देऊन ते त्यांनी सुइणीच्या छपरावर अंथरले. अंधार पडला की त्याच्या बळावर घरातला दिवा उजळे आणि गावातली बाळे त्या उजेडात जन्माला येत.

पुढे दिवा मंदावू लागला. नेमकी त्याच वेळी रायाजींची नात बाळंतपणाला आलेली.

"तात्या," सुईण ठकूबाई म्हणाली, "या उजेडात मला माझाच हात दिसत नाही. तुमचे पणतवंड चाचपडत आणू काय?"

"माझे वस्त्र थकणारे नव्हे," रायाजी ताठपणे म्हणाले. "तुझे डोळे थकले असतील."

"असतील. मग वर चढून तेवढे बघा. का गुडघेही माझेच थकलेत?"

रायाजी शिडी चढले. मेण जागोजागी खरवडलेले होते. त्याखाली ओल होती, हळदीकुंकवाचे डाग होते.

"हे कोणी केले?"

"सगळ्यांनीच. बारशाच्या दिवशी बाळंतीण मेण खरवडून वस्त्राला पाणी घालते, हळदकुंकू लावते. ज्याचे उपकार, त्याला मेणाच्या आडून कसे भेटायचे?"

रायाजींना रागावता येईना. जिथे मेण गेले होते, तिथे हवेने आणि ओलीने धागे कुजवले होते. पण जिथे मेण शाबूत होते, तिथेही रंग विटला होता. एकमेकांत मिसळून विणलेले धागे उन्हाच्या तापाने हळूहळू आपापल्या जातीपाशी गोळा झाले होते. एकाने टिपलेले ऊन दुसऱ्यापर्यंत पोहोचत नव्हते. यात कोणाच्याही हाताचा दोष नव्हता.

"रोज ऊन झेलणाऱ्याला ऊनच झिजवते," ते हलकेच म्हणाले, "आणि मी मात्र त्याला थकण्याचीही मुभा दिली नाही." त्यांनी त्या जुन्या वस्त्राला हात जोडले आणि खाली उतरून थेट मागावर बसले.

नातीला कळा सुरू झाल्या, तेव्हा छपरावर नवे वस्त्र होते आणि घरात लख्ख उजेड.

"मुलगी आहे," ठकूबाई बाहेर येऊन म्हणाली. "मान तुमच्यासारखीच ताठ."

तेव्हापासून त्या गावी बारशाच्या दिवशी वस्त्रावर पाणी घालत नाहीत, ताज्या मेणाचे बोट फिरवतात. आणि जुने वस्त्र मंदावण्याआधीच नवे मागावर चढते.

तात्पर्य: आपल्यासाठी झिजणाऱ्याची झीज वेळीच ओळखून त्याला जपणे, हीच खरी कृतज्ञता होय.